गोडी आधी, इच्छा नंतर: ज्यू गूढविचारातला चैतन्याचा उगम

प्रश्न थोडक्यात असा आहे: ज्यू गूढवादी, विशेषतः पूर्व युरोपातले हसिदी गुरू, आनंदालाच चैतन्याचा उगम मानतात असं वाचनात येतं. म्हणजे सुखात राहिलं की माणूस देवाच्या जवळ जातो, असं त्यांचं म्हणणं आहे का? आणि तसं असेल, तर ज्याचं मन विझलेलं आहे त्याला या विचारात जागा कुठे?

हे ग्रंथ मी बरीच वर्षं विद्यार्थ्यांबरोबर ओळीओळीने वाचत आले आहे. दुसरा प्रश्न जवळपास प्रत्येक वर्गात कुणीतरी विचारतं, आणि तो पुस्तकी कुतूहलापोटी आलेला नाही हे विचारणाऱ्याच्या आवाजावरूनच कळतं. त्याला मी पुढे पुरेशी जागा देणार आहे. पण आधी पहिला प्रश्न सोडवायला हवा, नाहीतर दुसऱ्याचं उत्तर म्हणजे नुसती पाठीवरची थाप होईल.

या आनंदाला हिब्रूत तआनुग म्हणतात आणि जिवंतपणाला खियुत. तआनुगसाठी मी इथे 'गोडी' म्हणणार आहे. एखाद्या गोष्टीची गोडी लागते तेव्हा आत जे हलतं, तेच या लोकांना सांगायचं आहे.

आपला साधारण समज असा असतो की माणूस आधी विचार करतो, मग इच्छा धरतो, मग काम करतो, आणि काम साधलं तर शेवटी सुख मिळतं. सुख म्हणजे शेवटचं फळ. कबालाची, म्हणजे ज्यू गूढविद्येच्या परंपरेची, मांडणी नेमकी उलट आहे. तिच्यात देवाच्या प्रकटीकरणाच्या दहा पायऱ्या आहेत. त्यांना सफिरोत म्हणतात आणि त्यांतली सर्वांत वरची केतेर, म्हणजे मुकुट. मुकुट डोक्याच्या वर असतो, तशी ही पायरी बुद्धीच्या वरची. श्नेऊर झाल्मन (१७४५–१८१२) यांनी उभ्या केलेल्या खबाद परंपरेने या मुकुटाचे दोन थर उलगडून दाखवले. बाहेरचा थर इच्छेचा आणि आतला गोडीचा. ज्यात कुठलीच गोडी नाही अशी गोष्ट कुणी मनापासून इच्छीत नाही. बुद्धी इच्छेच्या मागून येते, इच्छा गोडीच्या मागून. सगळ्यात आत, सगळ्यात आधी गोडी.

हे माणसाच्या मनाचं वर्णन वाटेल, आणि आहेही. पण कबालाकार माणसाच्या मनावरून जगाच्या उगमाकडे बघतात. देवाने जग का निर्माण केलं? ज्ञान दाखवायला, सत्ता गाजवायला, दया करायला, अशी उत्तरं तत्त्वज्ञांनी दिली. मिद्राशात, म्हणजे बायबलावरच्या जुन्या भाष्यांत, एक वेगळंच उत्तर आहे: खालच्या जगात आपलं घर असावं, अशी देवाला ओढ लागली. ओढ का लागली, असं विचारणाऱ्यांना श्नेऊर झाल्मन यांनी दिलेलं यिडिश उत्तर आजही खबादच्या लोकांच्या तोंडी असतं: ओढीला 'का' विचारता येत नाही. उत्तर टाळण्यासाठी ते असं बोललेले नाहीत. कारणं बुद्धीच्या पातळीवर असतात आणि गोडी तिच्याही वर आहे. तिथे पोचल्यावर 'का' हा प्रश्न संपतोच.

या विचाराची मुळं खूप जुनी आहेत. बायबलातल्या नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात प्रज्ञा म्हणते की सृष्टी घडत होती तेव्हा मी रोज देवाचा आनंद होते, त्याच्यापुढे खेळत होते. रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, ही प्रज्ञा म्हणजे तोरा (मोशेचं धर्मशास्त्र) मानली आणि ती जगाच्या दोन हजार वर्षं आधीपासून होती असं म्हटलं. पुढे कबालाकारांनी हे धाडसाने वर नेलं. इसहाक लुरिया १५७० मध्ये गालीलातल्या त्सफात गावी आले आणि १५७२ मध्ये वारले. त्यांनी स्वतः फारच थोडं लिहिलं. त्यांची शिकवण शिष्यांच्या आणि शिष्य म्हणवणाऱ्यांच्या हातून पसरली. त्यांपैकी इस्राएल सारुग यांच्या शाखेतला 'एमेक हामेलेख' हा ग्रंथ १६४८ मध्ये ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्यात सृष्टीच्या आधीची अवस्था अशी सांगितली आहे: अनंत स्वतःतच रमला होता, आणि त्या रमण्यातून एक हालचाल उठली. पुढचं सगळं, म्हणजे अक्षरं, जगं, आपण, त्या हालचालीतून आलं. मला हे चित्र कबालातल्या सर्वांत धीट चित्रांपैकी एक वाटतं. सृष्टीच्या मुळाशी इथे आज्ञेच्याही आधी उल्हास आहे.

बायबलाच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात एक साधं वाक्य आहे: बागेला पाणी देण्यासाठी एदेनातून एक नदी निघत होती. तालमुदातले, म्हणजे धर्मचर्चेच्या प्राचीन महाग्रंथातले, रब्बी विचारतात, बाग आणि एदेन एकच का? नाहीत, कारण नदी एदेनातून निघून बागेत येते. आदाम बागेत राहिला. एदेन कोणत्याही डोळ्याने पाहिलेलं नाही. झोहार हा कबालाचा मुख्य ग्रंथ तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनच्या कास्तील प्रांतात पुढे आला. त्याच्यासाठी हे वाक्य म्हणजे सगळ्या विश्वाचा नकाशा आहे. एदेन म्हणजे गोडीचा न दिसणारा उगम, नदी म्हणजे अखंड वाहणारं चैतन्य, बाग म्हणजे हे जग. झाड हिरवं दिसतं तेव्हा नदी पोचलेली असते. नदी कुठून येते ते मात्र बागेत उभं राहून दिसत नाही.

आता गोडीचा आणि जिवंतपणाचा संबंध शरीरापर्यंत कसा पोचतो, ते बघा. तालमुदातल्या गित्तिन या भागात रोमन सेनापती वेस्पाशियनची गोष्ट आहे. जेरुसलेमला वेढा पडलेला असताना तू सम्राट झालास अशी बातमी त्याला येते. तेव्हा त्याच्या एका पायात जोडा असतो. दुसरा चढवू बघतो तर पाय आत जाईना, आणि पहिला निघेना. रब्बी योहानान बेन जकाई त्याला नीतिसूत्रांचा दाखला देतात: चांगली बातमी हाडांनाही पुष्ट करते. उपाय काय? तुला नकोसा असलेला एखादा माणूस समोरून जाऊ दे, खिन्न मन हाडं सुकवतं. वेस्पाशियन खरोखरच इ. स. ६९ मध्ये सम्राट झाला. गोष्टीतला जोडा अर्थातच गोष्टीतला. पण आतला अर्थ नेमका आहे. हाड हा शरीरातला सर्वांत कठीण, सर्वांत निर्जीव वाटणारा भाग. तर्काने हाड हलत नाही, गोडीने हलतं.

याच जातीच्या दोन कथा बायबलातच आहेत. योसेफ जिवंत आहे हे कळल्यावर याकोबाचा 'आत्मा पुन्हा सजीव झाला', असं उत्पत्तीत आहे. इतकी वर्षं पुत्रशोकात असताना देवाचं सान्निध्य त्याच्यापासून दुरावलं होतं आणि त्या क्षणी परतलं, असं भाष्यकार सांगतात. आणि अलीशा संदेष्टा चिडलेला असताना म्हणतो, मला एक वादक आणून द्या. वादक वाजवू लागतो तेव्हाच देवाचा हात त्याच्यावर येतो. तालमुदाने यावरून नियमच काढला की देवाचं सान्निध्य खिन्नतेत किंवा आळसात उतरत नाही, आज्ञापालनाच्या आनंदात उतरतं. हसिदी लोकांनी हे वाक्य जीवनाचा पाया केलं.

हसिदी चळवळीचे प्रवर्तक बाअल शेम टोव्ह १७६० मध्ये पोदोलियातल्या मेजिबोझ गावी वारले. त्यांच्या काळात धार्मिक ज्यूंमध्ये कडक उपासांचा जोर होता. त्सफातमधल्या कबालाकारांनीही उपासतापास पुष्कळ केले होते. पोलोनेचे याकोव्ह योसेफ हे असेच उपास करणारे विद्वान. बाअल शेम टोव्ह यांच्या नावे असलेलं एक पत्र आहे. त्यात ते त्यांना उपास थांबवायला सांगतात, कारण ते काळ्या पित्ताचं, खिन्नतेचं काम आहे. या पत्राकडे मी वळणबिंदू म्हणून बघते. देह हा शत्रू मानून त्याला उपाशी ठेवायचं की त्यातली गोडी वर न्यायची, या वादात त्यांनी इथे स्पष्ट बाजू घेतली.

'वर न्यायची' म्हणजे काय, हे श्नेऊर झाल्मन यांनी १७९६ मध्ये छापलेल्या 'तान्या' या आपल्या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात सांगितलं आहे, आणि पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच आहे. दोन माणसं एकच जेवण जेवतात, चरबीदार मांस आणि मसाला घातलेला द्राक्षरस. एकाला त्याने मन मोकळं करून तोराचा अभ्यास करायचा आहे, किंवा शब्बाथचा, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाचा, आनंद साजरा करायचा आहे. त्याच्या बाबतीत त्या अन्नातलं चैतन्य गाळून निघतं आणि होमबलीसारखं वर चढतं. दुसरा नुसता अधाशीपणे खातो. त्याच्या बाबतीत तेच चैतन्य खाली उतरतं आणि तिथेच अडकतं. पण कायमचं नाही. अन्न मुळात अनुज्ञात, म्हणजे धर्माने परवानगी दिलेलं, होतं, म्हणून तो माणूस जेव्हा देवाकडे वळेल तेव्हा ते त्याच्याबरोबर वर येईल. निषिद्ध अन्नातलं चैतन्य मात्र बांधलेलं असतं. त्याच अध्यायात विनोदाचाही उल्लेख आहे. रब्बा हे गुरू पाठ सुरू करण्याआधी काहीतरी गमतीचं बोलत, शिष्य हसत, मग अभ्यास सुरू होई. ते हसूही वर चढतं.

म्हणजे प्रश्न सुख किती भोगलं हा नाही. ते वाहतंय की साचलंय, एवढंच बघायचं. यामागे लुरियांची कल्पना आहे की सृष्टीच्या आरंभी पात्रं फुटली आणि प्रकाशाच्या ठिणग्या वस्तूवस्तूंत पडल्या. आपल्याला एखादा पदार्थ चविष्ट लागतो, कारण त्यातली ठिणगी आपल्याला हाक मारते. म्हणूनच खाण्याआधी आशीर्वाद म्हणायचा. आशीर्वादाशिवाय या जगाचा उपभोग घेणारा चोरी करतो, असं तालमुद म्हणतो. पण उपभोग न घेणाराही सुटलेला नाही. जेरुसलेमच्या तालमुदात म्हटलं आहे की डोळ्यांनी पाहिलं आणि खाल्लं नाही, अशा प्रत्येक गोष्टीचा हिशोब माणसाला द्यावा लागेल. हे वाक्य मी वर्गात वाचते तेव्हा बऱ्याच जणांना धक्का बसतो. धर्म म्हणजे नकार, हा समज किती खोल रुतलेला असतो ते तेव्हा कळतं.

कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाच्या मलिदा या विधीत याचं एक जिवंत रूप बघता येतं. ताटात गोड पोहे, खोबरं, फळं, सुगंधी पान. एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, गाणं, आणि मग त्या त्या पदार्थाचा आशीर्वाद म्हणून तो खायचा. या समाजाकडे शतकानुशतकं झोहार नव्हता, ठिणग्यांचा सिद्धांत नव्हता. रायगडच्या गावांत तेलाचे घाणे चालवणारी ही माणसं शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांचं मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, १७९६ मध्येच उभं राहिलं, म्हणजे ज्या वर्षी दूर स्लाव्युता गावात 'तान्या' छापला गेला त्याच वर्षी. दोघांना एकमेकांची कल्पनाही नव्हती. यावरून मला एक गोष्ट ठामपणे वाटते: गोडीचं तत्त्वज्ञान नंतर येतं, गोडीचा दिवस आधी पाळला जातो. मुंबईकरांना कुलाब्याचं नरिमन हाऊस, वर्तमानपत्रांच्या भाषेत छाबड हाऊस, माहीत आहे. ते याच खबाद चळवळीचं केंद्र.

हा गोडीचा दिवस म्हणजे शब्बाथ, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत. बायबलातल्या यशया संदेष्ट्याच्या ५८व्या अध्यायात 'शब्बाथला आनंद म्हण' अशी आज्ञा आहे. आनंद कशाने साजरा करावा, हे तालमुद अगदी स्वयंपाकघरात शिरून सांगतो: बीटच्या भाजीने, मोठ्या माशाने, लसणाने. आणि ज्याला परवडत नाही त्याने? शब्बाथच्या सन्मानासाठी केलेली बारीक तळलेली मासळीसुद्धा आनंदच. मोठमोठे विद्वान त्या दिवशी स्वतः कामाला लागत. राव सफ्रा जनावराचं मुंडकं भाजत, रावा मासा खारवत, राव हुना दिवे लावत, राव पापा वाती वळत. एरवी चाकरांवर सोडलेली कामं त्यांना स्वतःला करायची होती, कारण गोडी दुसऱ्याच्या हातून करवून घेता येत नाही.

तालमुदातले रेश लाकिश म्हणतात की शब्बाथला माणसाला एक जास्तीचा आत्मा मिळतो आणि शब्बाथ संपताना तो काढून घेतला जातो. अकराव्या शतकातले भाष्यकार राशी हा आत्मा फार सुंदर समजावतात: मन रुंद होतं, विसावा आणि आनंद आत शिरतो, खाणंपिणं जिवावर येत नाही. बघा, जास्तीच्या आत्म्याची खूण काही अलौकिक दर्शन नाही, जेवण नीट जातं ही आहे. आजारातून उठलेल्या माणसाच्या घरच्यांना याचा अर्थ ताबडतोब कळेल. शनिवारी रात्री निरोपाच्या विधीत सुगंधी मसाल्यांचा वास घेतात, तो निघून जाणाऱ्या आत्म्यामुळे आलेल्या म्लानतेवर उतारा म्हणून.

झोहारला याहून मोठी गोष्ट सांगायची आहे. बायबलातल्या कथेत वाळवंटात मान्ना, म्हणजे आकाशातून येणारं अन्न, सहा दिवस पडत असे, शब्बाथला पडत नसे. मग सातव्या दिवसात आशीर्वाद कसला? झोहार म्हणतो, सहाही दिवसांचा आशीर्वाद सातव्यातूनच येतो. सातवा दिवस काही देत नाही असं वाटतं, कारण तो उगम आहे. आपण शनिवार-रविवार आराम करतो तो सोमवारी काम करता यावं म्हणून. इथे उलट आहे. सहा दिवस काम करायचं ते सातव्या दिवसाच्या गोडीसाठी, आणि त्या गोडीतूनच पुढच्या सहा दिवसांत जीव येतो. लुरियांनी शब्बाथच्या तीन जेवणांसाठी अरामी गीतं रचली. त्यांच्याच गावात अल्काबेत्झ यांनी शब्बाथला वधू म्हणून बोलावणारं गाणं रचलं आणि ते आज जवळपास सगळीकडे गायलं जातं. शुक्रवारच्या रात्री पतिपत्नीच्या मीलनाला झोहार पवित्र मानतो, तेही याच भूमिकेतून.

आणि हे सुख एकट्याचं नाही, हे विसरलं की सगळं बिघडतं. शब्बाथला आनंद म्हणायला सांगणारा यशयाचा तोच अध्याय भुकेल्याला आपली भाकर वाटून देण्याबद्दल आहे. धर्मशास्त्रकार मैमोनिदीस हे गूढवादी नव्हेत, पण त्यांनी जे लिहिलं ते सगळ्यांनी मान्य केलं: सणाला दार लावून आपल्या बायकोमुलांबरोबर खाणारा आणि गरिबाला न देणारा माणूस आज्ञेचा आनंद करत नाही, पोटाचा आनंद करतो. साचलेली गोडी म्हणतात ती ही.

साचण्याचा दुसरा प्रकार जास्त सूक्ष्म आहे. बाअल शेम टोव्ह यांच्या नावे त्यांचे शिष्य पुन्हा पुन्हा सांगतात: कायमची गोडी ही गोडी नव्हे. बायबलातल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या दर्शनातले प्राणी 'धावत जात आणि परतत'. चैतन्यही तसंच धावतं आणि परततं. म्हणून उतरण, कोरडेपणा, प्रार्थनेत मन न लागणं हा या व्यवस्थेतला दोष नाही. श्वास आत घेऊन धरून ठेवला तर माणूस मरतो. जे साधक पहिल्या उमाळ्याची गोडी टिकवून धरायला बघतात, त्यांना मी हेच पान आधी वाचायला देते.

गोडीसाठी केलं तर ते स्वार्थी होत नाही का, हा आक्षेपही जुना आहे. सोखाचोव्हचे अव्राहाम बोर्नश्टाइन यांनी १९०५ मध्ये छापलेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याला उत्तर दिलं. अभ्यासात सुख मिळालं तर तो निःस्वार्थ राहत नाही, असं मानणारे चुकतात, असं ते म्हणतात. ज्याला सुख मिळतं त्याच्याच रक्तात तोरा भिनते. तिथल्या तर्कापेक्षा मला त्यातला शरीराचा शब्द महत्त्वाचा वाटतो. रक्तात भिनणं म्हणजेच खियुत.

धोका नव्हता असं नाही. शब्बाथाई झ्वी याने स्वतःला मसीहा म्हणवलं, १६६६ मध्ये धर्मांतर केलं, आणि त्याच्या काही अनुयायांनी निषिद्ध सुखातच पावित्र्य शोधलं. त्याच वळणाचा याकोब फ्रांकचा पंथ बाअल शेम टोव्ह यांच्याच प्रदेशात, त्यांच्याच हयातीत फोफावत होता. 'तान्या'त अनुज्ञात आणि निषिद्ध यांच्यातली रेषा इतकी कडक का, ते या पार्श्वभूमीवर समजतं. तरी १७७२ मध्ये विल्ना शहरातल्या धुरीणांनी हसिदींना बहिष्कृत केलंच. प्रार्थनेत कोलांट्या मारणारे, सतत आनंद साजरा करणारे लोक त्यांना गंभीर वाटेनात. त्यांची भीती अगदी निराधार होती असं मी म्हणणार नाही.

मराठी वाचकाला इथे तैत्तिरीय उपनिषदातली भृगुवल्ली आठवणारच: आनंदातून भूतं जन्मतात, आनंदाने जगतात, आनंदात परततात. साम्य खरं आहे, पण दिशा वेगळी आहे. भृगू तप करून अन्नाकडून प्राण, मन, विज्ञान असं वर चढत आनंदाला पोचतो. ज्यू गूढवाद्यांची गोडी खाली यायला धडपडते, ताटात, शुक्रवारच्या संध्याकाळी, हाडात. शिवाय तिथे देवालाही माणसाकडून गोडी मिळते. मेझेरिचचे मग्गिद (प्रवचनकार) दोव्ह बेर (मृत्यू १७७२) सांगतात की लहान मुलाशी बोबडं बोलण्यासाठी बाप आपली बुद्धी आखडून घेतो आणि त्याला त्यातच आनंद होतो. जगासाठी देवाने स्वतःला आखडून घेणं, म्हणजे त्याचा संकोच, तसा आहे. या नात्याशिवाय त्यांची गोडी समजत नाही.

आता दुसरा प्रश्न. ज्याच्यात गोडीच उरलेली नाही, त्याचं काय?

'तान्या'चा २६वा अध्याय सांगतो की कुस्तीत आळसावलेला, जड झालेला मल्ल अंगात जास्त ताकद असूनही हरतो. म्हणून खिन्नतेला आधी हटवायला हवं. इथपर्यंत ही कोरडी शिकवण वाटेल. पण ३१व्या अध्यायात श्नेऊर झाल्मन एक फरक करतात, आणि या सगळ्या साहित्यातला तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. खिन्नता वेगळी आणि कळवळून येणारा कडवटपणा वेगळा. खिन्नतेत हृदय दगडासारखं निबर होतं, त्यात खियुत नसतो. कडवटपणात हृदय तुटतं, पण तुटण्यासाठी ते जिवंत असावं लागतं. म्हणजे जो रडतो आहे, जो स्वतःवर चिडला आहे, ज्याला दूर असल्याची बोच आहे, त्याच्यात नदी वाहते आहे. प्रश्न विचारणाऱ्यांपैकी अनेक जण खरं तर या दुसऱ्या जागी उभे असतात आणि आपण पहिल्या जागी आहोत असं समजतात. त्यांना हा फरक नुसता सांगितला तरी खांदे खाली येतात.

मग २७वा अध्याय. मनात पुन्हा पुन्हा नको ते विचार येतात म्हणून हताश झालेल्या माणसाला तिथे सांगितलं आहे की वर दोन प्रकारची गोडी पोचते. बायबलातला इसहाक मुलाला म्हणतो, मला आवडतात तसे रुचकर पदार्थ करून आण. पदार्थ एक नव्हे, अनेक. काही गोड आणि मधुर असतात. काही तिखट-आंबट असतात, पण नीट मुरवून, मसाला लावून असे होतात की त्यांनी जिवात जीव येतो. पहिली गोडी संतांची, ज्यांचा अंधार संपला आहे. दुसरी त्यांची, जे अजून रोज झगडतात. कैरीच्या लोणच्यावर वाढलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. ही दुसरी गोडी पहिलीचा कमी दर्जाचा पर्याय नाही. देवाला दोन्ही हव्या आहेत.

आणि ज्याचं हृदय खरोखर दगड झालं आहे, रडूही येत नाही? त्याच्यासाठी मी ब्रेस्लाव्हच्या नाखमान यांच्याकडे जाते. ते १७७२ मध्ये जन्मले आणि १८१० मध्ये उमान इथे क्षयाने वारले. मुलांचे मृत्यू त्यांनी पाहिले होते, मनाच्या खोल काळोखी ते ओळखून होते. नेहमी आनंदात राहणं ही मोठी आज्ञा आहे असं सांगणारा हाच माणूस. त्यांच्या 'लिकुते मोहारान' या शिकवणीच्या संग्रहात दोन जागा आहेत. एक: लोक फेर धरून नाचत असताना ते बाहेर उभ्या असलेल्या उदास माणसाला हात धरून आत ओढतात, तो नको म्हणत असतानाही. तो नाचतो तेव्हा त्याची उदासी बाहेर उभी राहते. मग तिलाही पकडून आत आणायचं, पळून जाऊ द्यायचं नाही. दुसरी जागा २८२व्या धड्यात: स्वतःत काहीच चांगलं सापडत नसेल तर एक बारीकसा चांगला बिंदू शोध. त्यातही खोट दिसली तर त्यातला आणखी बारीक बिंदू शोध. मग आणखी एक. बिंदूंमधून सूर गोळा होतात आणि सुरांची धून होते. मग माणूस प्रार्थना करू शकतो. नाखमान इथे मोठा आनंद मागत नाहीत. बाहेरून कुणीतरी धरलेला हात आणि एक टिंब, एवढंच.

ज्यांची अवस्था आठवडेच्या आठवडे अशी आहे, झोप-भूक गेली आहे, जगणं नकोसं वाटतं, त्यांनी डॉक्टरांकडे जावं. हे ग्रंथ उपचाराची जागा घेत नाहीत आणि तसा दावाही करत नाहीत. वेस्पाशियनच्या गोष्टीतला देहाचा आदर इथेही लागू आहे.

वाचायला सुरुवात करायची असेल तर झोहारपासून करू नका, तिथे वाटाड्या लागतो. 'तान्या'चा सातवा अध्याय आधी, मग २६, २७ आणि ३१ सलग वाचा. इंग्रजी भाषांतर सहज मिळतं. सातवा वाचाल त्या आठवड्यात रोज एक जेवण तरी फोन बाजूला ठेवून, ज्याची चव खरोखर आवडते असं काहीतरी, कुणाला तरी वाढून मग खा. वाढताना मनात काय होतं ते टिपून ठेवा आणि मगच २६व्याकडे जा. या पुस्तकातली वाक्यं कळायला तेवढी पूर्वतयारी लागते.